पात्याचा करंडा

मोघरेकाकांनी सिनेमावाल्यांना दिलेल्या वस्तूंची यादी माझ्या फायलीत अजून आहे. चौदा वस्तू, पाच रकाने: क्रमांक, वस्तू, माप, स्थिती, मालक. खाली दोन सह्या आहेत, एक वस्तू देतानाची आणि एक परत घेतानाची. दोन्ही माझ्या. यादी केली तेव्हा तिच्यात काही राहून गेलंय असं मला वाटलं नव्हतं. नवा रायपूरच्या ऑफिसात याहून मोठ्या याद्या मी रोज करते आणि त्या चुकत नाहीत, अशी माझी ख्याती आहे.

काकांना जाऊन आता सहा महिने होतील.

त्यांची ओळख झाली ती आमच्या सिनेमा गटात. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यात एका देवळामागच्या सभागृहात आम्ही पंचवीस-तीस मराठी माणसं जमतो. काहींची घराणी भोसल्यांच्या काळापासून इथली, काही माझ्यासारखी नोकरीमुळे आलेली. प्रोजेक्टर, पडदा, खुर्च्या, चहा आणि पुढच्या सिनेमाची निवड, एवढं माझ्याकडे असतं. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी पांढऱ्या बुशशर्टातला एक ताठ म्हातारा सिनेमा सुरू व्हायच्या आधी थेट पडद्यापाशी गेला आणि मधल्या बोटाच्या नखानं त्यावर दोनदा टिचकी मारून ऐकत उभा राहिला.

"ताई, तुमचा पडदा सैल आहे," तो म्हणाला. "चार सुतळ्या आहेत का?"

सुतळ्या होत्या, माझ्या पिशवीत सगळं असतं. दहा मिनिटांत त्यांनी पडदा चारी कोपऱ्यांतून असा ताणला की पुन्हा टिचकी मारल्यावर तो डफासारखा वाजला. "आता पाहा, कोणाच्या तोंडावर सुरकुती नाही येणार," असं म्हणून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ते वसंत मोघरे.

टिचकी ही त्यांची सवय होती. छत्रीवर, बाजेच्या नवारीवर, वाळत घातलेल्या पापडावर, रिक्षाच्या टपावर. उरला औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यात वीस-बावीस वर्षं देखभालीचं काम करून ते निवृत्त झाले होते, पण ही सवय त्याआधीची, हवाई दलातली. तिथे ते विमानाच्या सांगाड्याचे मिस्त्री होते. विमानाचा पत्रा कुठे सुटलाय हे डोळ्यांआधी कानाला कळतं, असं ते सांगत. पुढे पुढे माणसांनाही त्यांनी तेच माप लावलं. एका पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले आणि एवढंच म्हणाले, "आवाज सैल आहे."

घरी ते विमानं करत. अगदी सुरुवातीची, दुहेरी पंखांची, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणलेली विमानं. बांबूच्या कामट्या, काकूंच्या जुन्या मलमलच्या साड्या, आणि कापड ताणायला पसिया, म्हणजे भाताची पेज. पेज लावून उन्हात ठेवलं की मलमल आवळून बसते. खऱ्या विमानाला त्या काळी रासायनिक रोगण लावत, काकांचं काम पेजेवर भागे. काकूंची तक्रार कायमची. "भात माह्या घरचा, साडी माही, अन् नाव यायच्या विमानाचं! हव जी, ते पंख बाजूले घ्या, मले वड्या वाळू घालायच्या आहेत." काका पंख उचलून बाजूला करत आणि जाता जाता वडीच्या ताटावर एक टिचकी मारत.

त्या विमानांत चालक नसे. पंखाखाली मात्र बोटभर उंचीचा एक लाकडी माणूस उकिडवा बसलेला असे, हातात पाना. बघायला आलेला प्रत्येकजण विचारी, पायलट कुठेय?

"चहा प्यायले गेला," काका म्हणत.

युद्धाचे सिनेमे ते फार मन लावून पाहत, आणि त्यांच्या शेजारी बसणं अवघड असे. त्यांच्या हातात घड्याळ असायचं. एकदा आम्ही एक जुना परदेशी, कृष्णधवल युद्धपट लावला होता. आकाशातल्या लढाया, रेशमी रुमाल बांधलेले तरणेबांड वैमानिक, शेवटी एकाचं मरण. अर्ध्या लोकांचे डोळे ओले झाले. दिवे लागल्यावर काका उठले.

"पावणेदोन तासांत मिस्त्री बावीस सेकंद दिसला. त्यातले दहा सेकंद पाठमोरा."

"काका, गोष्ट पायलटची आहे," आमच्यातले एक प्राध्यापक म्हणाले.

"मले मान्य आहे, सर. पण त्या विमानाचं पातं हातानं फिरवा लागते, तवा इंजिन चालू होते. पात्यापाशी कोणीच उभा नव्हता अन् इंजिन चालू झालं. भूत होतं का?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते विनोद करत नसत, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली.

कळलं ते असं. चहाच्या वेळी कोणीतरी त्यांना एकाहत्तरच्या लढाईबद्दल विचारलं. त्या वेळी ते एकवीस-बावीस वर्षांचे, सीमेजवळच्या एका धावपट्टीवर. लोकांना शौर्याची गोष्ट हवी होती. काकांनी सांगितलं ते इतकंच: एक विमान पंखाला भोकं पडून परत आलं. त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी कापली, रिव्हेट मारून बसवली, टिचकी मारून पाहिली. विमान पुन्हा गेलं आणि परत आलं नाही.

"काहून नाही आलं, हे मले कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "पायलटचं नाव दगडावर कोरलं. कोरायलेच पाहिजे होतं, चांगला पोट्टा होता. पण माही पट्टी टिकली का सुटली, हे मी कोणाले विचारू? पन्नास वर्षं झाली, विचारूनच राहिलो."

कप खाली ठेवून ते खुर्च्या आवरायला लागले. त्या दिवशी खुर्च्या मोजायला काकांखेरीज मला कोणी मदत केली नाही, सगळे लवकर गेले.

त्यांच्या घरात एक वस्तू होती, जी कपाटात नव्हती, वापरात होती. कुंकवाचा करंडा. मुठीएवढा, लाकडी, झाकणाचा. झाकणावर फिकट आणि गडद वर्तुळं होती, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. ती रंगवलेली नव्हती, लाकडातच होती. विमानाचं पुढचं फिरतं पातं एकाच लाकडाचं नसतं, पातळ फळ्या एकावर एक चिकटवून करतात. त्यामुळे ते कोरलं की थर असे उघडे पडतात. हा करंडा पहिल्या महायुद्धातल्या एका तुटक्या पात्याचा होता, आणि तो काकांच्या आजोबांनी केला होता. कोंडबाजी मोघरे. जातीनं, कामानं सुतार.

कोंडबाजी इराकमधल्या बसऱ्याला गेले होते. फौजेबरोबर, पण शिपाई म्हणून नाही. विमानं दुरुस्त करायच्या छपरात त्यांना ठेवलं होतं. तिथल्या उन्हानं पात्यांचे थर सुटत, लाकूड तडकत असे; यांचं काम ते सांधायचं. न सांधण्यासारखं पातं सरपणात जाई. त्यातलाच एक तुकडा त्यांनी मागून घेतला आणि पटाशीनं, चाकूनं, महिनोन्‌महिने बसून बायकोसाठी करंडा कोरला. लाकूड फिरवून कातायचा चरक नव्हता, म्हणून तो पूर्ण गोल नाही. झाकण एकाच जागी नीट बसे. ती जागा काकूंच्या बोटांना पाठ होती, कारण रोज सकाळी त्या त्यातूनच कुंकू लावत. त्यांच्या आधी सासूबाई, त्यांच्या आधी आजेसासूबाई.

"आबाजी बसऱ्याचं काही सांगत नव्हते," काका म्हणत. "फक्त माश्या अन् चिखल. पण करंडा हातात घेतला की कुठं हात चुकला ते दाखवत. 'हे पाह्य, इथं पटाशी घसरली.' मी बारा वर्षांचा होतो ते गेले तवा."

करंड्याच्या तळाशी विलायती कारखान्याचा ठसा होता, अर्धा कापला गेलेला आकडा. पात्याचा नंबर. कोंडबाजींचं नाव कुठेच नव्हतं. करंड्यावर नव्हतं आणि कागदावरही नव्हतं. काकांनी चाळीस वर्षं अर्ज केले होते. दिल्लीला, नागपूरला, एकदा कोणाच्या तरी मुलाच्या हातून थेट विलायतेला. सगळी उत्तरं त्यांनी एका पिशवीत ठेवली होती आणि ती मला लावून द्यायला सांगितली. मी तारखेप्रमाणे लावून दिली. उत्तरं वेगवेगळ्या भाषांत होती, मजकूर एक: नोंद आढळत नाही.

"लाकडाची नोंद आहे," काका म्हणाले. "माणसाची नाही."

त्यांना पदक नको होतं, पेन्शन नको होती. कुठेतरी, चार लोक वाचतील अशा जागी, कोंडबाजी मोघरे हे नाव लिहिलेलं त्यांना मरायच्या आधी पाहायचं होतं. एवढंच. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि मी ते डायरीत लिहून ठेवलं.

मग सिनेमावाले आले. नवा रायपूरच्या मोकळ्या माळावर त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या विमानतळाचा देखावा उभारला होता. परवानग्यांची कागदपत्रं आमच्या ऑफिसातून जात होती. त्यांच्या कला विभागातली एक मुलगी, हुशार आणि गोड बोलणारी, जुन्या वस्तू शोधत होती. मीच तिला मोघरेकाकांकडे नेलं. आनंदानं नेलं.

तिनं विमानं पाहिली, पाना धरलेला माणूस पाहून टाळ्या वाजवल्या. मग काकूंनी चहाबरोबर हळदीकुंकू पुढे केलं आणि तिची नजर करंड्यावर पडली.

"दादाजी, ये तो हमको चाहिए ही चाहिए. हम इसकी कॉपी बनाएँगे, ओरिजिनल वैसे का वैसा लौटा देंगे."

"देता हूँ," काका म्हणाले. "एक ही बात है. जिसने बनाया उसका नाम आना चाहिए पिक्चर में. कोंडबाजी मोघरे."

"पक्का, दादाजी. ज़रूर आएगा."

काकू म्हणाल्या, "अन् मी काय बोटानं वाटीतून कुंकू लावू?" पण त्यांनी करंडा रिकामा करून, पुसून दिला.

मी तिथेच बसून यादी केली. काका माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"ताई, याच्यात आबाजीचं नाव कुठं लिहिलं?"

"काका, ही वस्तूंची यादी आहे. मालक म्हणून तुमचं नाव घातलंय. करणाऱ्याचं नाव वेगळ्या कागदावर देऊ, ते श्रेयनामावलीचं काम आहे."

"याच्यातच एक रकाना वाढवा ना."

"मग सगळ्या चौदांना भरावा लागेल. बाकी तेरा तुम्हीच केलीत. उगाच गोंधळ होईल."

"हव," ते म्हणाले. "तुम्हाले समजते."

तो वेगळा कागद मी केला नाही. विसरले असंही नाही. त्या आठवड्याच्या कामांत तो नवव्या क्रमांकावर होता, आणि त्या मुलीला सगळं माहीतच आहे असं मी धरून चालले. नववं काम पुढच्या आठवड्यात गेलं, मग त्याच्या पुढच्या.

चार महिन्यांनी वस्तू परत आल्या. काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी काका नागपूरला होते, म्हणून खोकी माझ्याकडे उतरली. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळलेली, वर क्रमांक. मी मोजल्या. चौदा. 'स्थिती: ठीक' यापुढे खूण करून सही केली. कागद सोडून पाहिले नाहीत. विमानांचे पंख मोडतील अशी भीती होती.

काका परत आल्यावर खोकी घेऊन गेले. करंडा त्यांनी सगळ्यात आधी सोडला आणि हातात धरून खिडकीपाशी गेले. मग झाकण माझ्यापुढे केलं.

वर्तुळांच्या बरोबर मधोमध दोन इंग्रजी अक्षरं कोरली होती. खोल, सफाईदार, यंत्रानं कोरलेली.

काकूंचा एक डोळा पट्टीखाली होता. दुसऱ्या डोळ्याजवळ झाकण नेऊन त्यांनी विचारलं, "कोणाचं नाव आहे हे?"

"कोणाचंच नाही," काका म्हणाले.

खरंच कोणाचं नव्हतं. सिनेमातल्या नायकाची ती आद्याक्षरं होती, आणि तो नायक लेखकानं रचलेला होता. मी तिथूनच त्या मुलीला फोन लावला. ती गोडच बोलली. "दीदी, कॉपी क्लोज़अप में नकली लग रही थी. सर को ओरिजिनल ही पसंद आया. हल्का-सा काम किया है बस, घिस देंगे तो निकल जाएगा. और आपने तो चेक करके साइन किया है ना?"

फोन ठेवला. काकांनी विचारलं, "सही केली का तुम्ही?"

"हो."

"मंग झालं."

"काका, पॉलिश पेपरनं घासून..."

"ताई, अक्षरं दोन थर खोल गेली आहेत," ते अगदी शांतपणे, मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीला सांगतो तसं सांगू लागले. "तेवढं घासलं तर आबाजीची पटाशी निघून जाईल. ते जिथं घसरली म्हणत, ती जागाच राहणार नाही. नाव काढायचं तर हात पण काढा लागते." त्यांनी झाकणावर टिचकी मारायला बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं.

काकू त्यानंतर वाटीतूनच कुंकू लावत राहिल्या.

सिनेमा पुढच्या हिवाळ्यात आला. मला वाटलं, काका येणार नाहीत. आले, तोच पांढरा बुशशर्ट, इस्त्री केलेला. गटातले अठराजण होतो, दुपारचा खेळ. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. जखमी नायक तंबूत खाटेवर बसून तुटक्या पात्याचा तुकडा कोरतोय, डोळ्यांत पाणी, मागे व्हायोलिन. मग पडदाभर करंडा. आमच्या गटात कुजबूज झाली, कोणीतरी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. देशी सुतार सिनेमात एकदा दिसले. एका ओळीत उभे होते आणि नायकाला सलाम करत होते.

सिनेमा संपला, लोक उठले. काका बसून राहिले, म्हणून आम्हीही बसलो. नावं वर सरकत होती. केशभूषा, गाड्या, जेवण, घोडे. झाडूवाल्या बायका आत आल्या. अगदी शेवटी 'विशेष आभार' आले. तिथे माझं नाव होतं, ऑफिसातल्या हुद्द्यासकट. त्याखाली वसंत मोघरे, रायपूर. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा काळा झाला.

"यादीत होती तेवढी आली," काका म्हणाले.

जिन्यावर मी त्यांना गाठलं. मी कंपनीला पत्र लिहीन, असं मी म्हणाले; मोबाईलवर येणाऱ्या आवृत्तीत नाव घालता येतं, असंही सांगितलं. ते कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होते.

"माहं नाव मी मागितलं होतं का, ताई?"

मी पत्रं लिहिली. सहा लिहिली. प्रती आहेत. उत्तर एकाचं आलं: आपल्या स्वाक्षरीच्या यादीनुसार सर्व श्रेय देण्यात आलेले आहे.

सिनेमा चालला. आणि मग ब्राह्मणपाऱ्यात मोघऱ्यांच्या घरी माणसं यायला लागली. कोणीतरी मोबाईलवर टाकलं होतं की पिक्चरमधली ती डबी इथे आहे. सुरुवातीला काका प्रत्येकाला बसवून सांगत: माझे आजोबा, सुतार, बसरा, उन्हानं सुटणारे थर. माणसं ऐकून घेत आणि मग विचारत, "पर पिक्चर में तो पायलट बनाता है ना?" काका पुन्हा सांगत. काकू आतून ओरडत, "पाणी तरी प्या जी, घसा सुकून राहिला." एका शिक्षिकेनं तर त्यांना समजावलं की दादाजी, हे खऱ्या घटनेवर आधारलेलं आहे, सुरुवातीला तसं लिहिलेलंच होतं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. माझ्याबरोबर नवी यादी होती. चौदा वस्तू, सहा रकाने, सहाव्यात 'करणारा'. सातव्या ओळीत ठळक अक्षरांत कोंडबाजी मोघरे. लॅमिनेट करून नेली होती. काकांनी ती हातात घेतली, वाचली, "सुबक आहे" म्हणाले आणि स्टुलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवली.

तेवढ्यात भिलाईहून एक कुटुंब आलं. नवरा, बायको, तिची आई. करंडा पाहिला, अक्षरांवरून बोट फिरवलं, नायकाचं नाव घेऊन एकमेकांकडे पाहिलं. त्या आजींच्या डोळ्यांत पाणी होतं. सिनेमा त्यांनी दोनदा पाहिला होता.

"तो वो पायलट साहब," नवऱ्यानं आदरानं विचारलं, "आपके दादाजी थे?"

मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खुर्च्या आवरताना बघत तसं, आता पुरे असं.

"हव," ते म्हणाले.

त्या आजी वाकून त्यांच्या पाया पडल्या. मग जावयानं फोन वर धरला, आणि काकांनी करंडा छातीशी घेऊन झाकण त्याच्याकडे वळवलं, अक्षरं सुलटी दिसतील अशा बेतानं.